गरिबीचा पुरावा कोणी द्यायचा?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने शहाड, आंबिवली आणि टिटवाळा ही स्थानके ओलांडली की खडवली येते. भातसा नदीच्या काठचे हे गाव कल्याण तालुक्यात मोडते. सकाळच्या गाडीने येथून नोकरदार, भाजीवाल्या, मजूर आणि महाविद्यालयीन विद्यार्थी एकाच डब्यातून शहराकडे जातात. शालेय शिक्षण संपले की गावातील आणि आसपासच्या पाड्यांवरील मुलांना बहुधा कल्याण किंवा उल्हासनगर गाठावे लागते. प्रवेशाचा हंगाम सुरू झाला म्हणजे या मुलांच्या पिशवीत वह्यापुस्तकांच्या आधी कागदांची एक जाडजूड फाईल येते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि या साऱ्यांच्या छायांकित प्रती तीत असतात. ही सारी तयारी शिष्यवृत्तीच्या अर्जाची. अभ्यासाची परीक्षा वर्षाच्या अखेरीस होते. गरिबीची परीक्षा वर्षाच्या आरंभीच घेतली जाते, आणि तीत नापास होणाऱ्यांची यादी कोठेही लागत नाही.

महाराष्ट्रात शैक्षणिक सवलती नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. उलट त्यांची संख्या आणि व्याप्ती पाहता हे राज्य याबाबतीत अनेकांच्या पुढे आहे, हे मान्य करावे लागेल. प्रश्न आहे तो सवलत जाहीर होणे आणि ती विद्यार्थ्याच्या हाती पडणे, यांमधील अंतराचा. हे अंतर कोणी कापायचे? आजची व्यवस्था म्हणते, ज्याला गरज आहे त्याने. ज्याच्यापाशी वेळ, पैसा, ओळख आणि कागद यांपैकी काहीच नाही, त्यालाच सर्वांत लांबचा पल्ला चालायला लावणारी ही व्यवस्था न्याय्य म्हणता येईल काय?

सवलतींचा वारसा

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी त्या वेळच्या शिष्यवृत्तीपद्धतीवर नेमके बोट ठेवले होते. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागलेली आहे, त्यांनाच या पद्धतीचा लाभ होतो. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले तरी त्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नियम सर्वांना सारखा असला म्हणजे न्याय झाला, या समजुतीला दिलेला तो पहिला मोठा छेद होय.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची मालिका उभी केली. खेड्यातून आलेल्या मुलाला केवळ फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात पाय टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने हेच सूत्र खेडोपाडी नेले. १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. ती आजही चालू आहे. यशवंतराव चव्हाण यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात वार्षिक १,२०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना जात न पाहता फीमाफी देण्याचा निर्णय झाला आणि ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. आज निवृत्त झालेल्या कितीतरी शिक्षकांची आणि कारकुनांची पदवी या तीन अक्षरांची ऋणी आहे.

त्याच सवलतीचा वारसा आज राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षण शुल्क योजनेकडे आला आहे. तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने याच मर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ केले. कागदावरील हे चित्र अभिमानास्पद आहे, यात शंका नाही.

दाखल्यांची वाट

परंतु खडवलीच्या परिसरातील एखाद्या पाड्यावरील विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. ठाणे जिल्ह्यातील कातकरी समाज हा महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. त्यातील अनेक कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा कुटुंबातील मुलगी बारावी होऊन महाविद्यालयात नाव घालते, ही घटनाच लहान नव्हे. आता तिला उत्पन्नाचा दाखला हवा. कार्यालयात नोकरी करणाऱ्या पालकाला वेतनाचे प्रमाणपत्र एका दिवसात मिळते. वीटभट्टीवरील मजुराचे उत्पन्न किती? उचल किती, फिटली किती, अंगावर राहिली किती, याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो, मजुराच्या हाती नसतो. पगाराला चिठ्ठी असते. गरिबीला पावती नसते. तेव्हा स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा चौकशी अहवाल, सेवा केंद्रातील अर्ज आणि तहसील कार्यालयाचा दाखला अशी वाट तुडवावी लागते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले. पाड्यावरील माणसाचे हेलपाटे मात्र पूर्वीच्याच नावाने चालू आहेत.

जातीच्या दाखल्याची कथा याहून अवघड. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी शाळेची पायरी चढली, ज्यांच्या नावे सातबारा होता, त्यांना हा पुरावा सापडतो. ज्यांच्या मागील तीन पिढ्यांत कोणी शाळेत गेलेच नाही आणि ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नाही, त्यांनी १९५० सालचा कागद आणायचा कोठून? म्हणजे जी वंचना दूर करण्यासाठी सवलत आहे, तीच वंचना सवलतीच्या आड येते. खोट्या दाखल्यांना आळा बसावा हा या नियमांमागील हेतू रास्त आहे. परंतु खोटे दाखले मिळविणाऱ्यापाशी कागदांची वानवा नसते, वानवा असते ती खऱ्यापाशी, याचा विसर पडता कामा नये.

संगणकाने काय साधले?

२०१७-१८ पासून राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावर भरावे लागतात आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. या सुधारणेला पार्श्वभूमी आहे. पूर्वी रक्कम संस्थांमार्फत जात असताना नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावे पैसे उचलल्याचे प्रकार उघडकीस आले आणि त्यांच्या चौकशीसाठी राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. मधली माणसे दूर झाली, हे चांगलेच झाले. विद्यार्थ्याला घरबसल्या अर्ज करता यावा, ही कल्पनाही स्तुत्य आहे.

पण मधली माणसे दूर करताना मदत करणारी माणसेही दूर झाली, ही या सुधारणेची उणी बाजू होय. अर्जासाठी आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर सांकेतिक क्रमांक येतो. तो भ्रमणध्वनी घरात एकच आणि तो वडिलांपाशी. अर्ज पावसाळ्यात भरला जातो. त्रुटी काढून तो परत येतो तेव्हा पुष्कळदा दिवाळी उलटलेली असते आणि वडील दूरच्या भट्टीवर गेलेले असतात. अर्ज परत आला आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःच संकेतस्थळावर पाहत राहायचे. रक्कम मंजूर झाली तरी ती आधारशी ज्या खात्याची जोडणी झाली आहे त्या खात्यात जाते. ते खाते कोणते, हे अनेक घरांत कोणालाच ठाऊक नसते. संगणकाच्या पडद्यावर चुकीचे एक अक्षर ही केवळ चूक असते. पाड्यावरील मुलीसाठी ते एक वर्ष असते.

रकमेचाही विचार केला पाहिजे. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. २०२०-२१ मध्ये केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० आणि ४० टक्के असा ठरविण्यात आला. या सुधारित रचनेत कला किंवा वाणिज्य शाखेची साधी पदवी घेणाऱ्या व घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्काखेरीज मिळणारा निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये ठरला, म्हणजे दिवसाला आठ रुपयांच्या आसपास. त्यासाठी मजुराचे तीन-चार दिवस दाखल्यांत बुडाले, छायांकित प्रती आणि केंद्रांचे शुल्क यांत दोन-चारशे रुपये गेले, तर पदरात काय उरले याचा हिशेब त्या घरानेच मांडावा. पुष्कळ घरे तो मांडतात आणि मुलीला कामावर पाठवितात. अर्ज न केल्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नसल्याने शासनाला ही गळती दिसत नाही.

लिपिकाच्या टेबलावर

या साऱ्या व्यवहारातील एक घटक नेहमी दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे महाविद्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणारा लिपिक. विद्यार्थ्याने भरलेला अर्ज प्रथम त्याच्या टेबलावर येतो, नंतर प्राचार्यांकडे आणि मग संबंधित खात्याकडे जातो. प्रवेश, परीक्षेचे अर्ज, रेल्वे सवलतीचे दाखले आणि विद्यापीठाची पत्रे ही कामे सांभाळून अनेक ठिकाणी एकाच व्यक्तीला शेकडो अर्ज तपासावे लागतात. नियमांचे बदल परिपत्रकांतून येतात. त्यांचा अर्थ ज्याने त्याने लावायचा. मुदत संपत आली की संकेतस्थळ मंदावते आणि खिडकीपुढची रांग वाढते. अशा वेळी लिपिक चिडला तर विद्यार्थ्याला सारी शासनसंस्था आपल्यावर चिडली आहे असे वाटते. दोष त्या विद्यार्थ्याचा नाही, त्या लिपिकाचाही नाही. अर्धवेळ उसंतीत करण्याचे काम म्हणून ज्या व्यवस्थेने हे काम गृहीत धरले, तिचा तो दोष आहे.

पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, असे आदेश शासनाने वेळोवेळी काढले आहेत. ते वेळोवेळी काढावे लागतात, यातच त्यांच्या अंमलबजावणीची कहाणी आली. संस्थांची अडचणही खोटी नाही. शासनाकडून येणारी रक्कम उशिरा येते आणि वीजबिल व वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. दोन मोठ्यांच्या या ओढाताणीत विद्यार्थी मधल्या मध्ये चेपला जातो.

ओहायोचा धडा

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत सामान्य घरांतील मुले मोठ्या संख्येने ज्या दोन वर्षांच्या ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये शिकतात, ती आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांची दूरची भावंडेच म्हणावी लागतील. तेथे सरकारी मदतीसाठी ‘फाफ्सा’ नावाचा एक अर्ज भरावा लागतो. वर्षानुवर्षे त्यात शंभराहून अधिक प्रश्न होते. २००८ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी ओहायो राज्यात आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहराच्या परिसरात एक प्रयोग केला. ‘एच अँड आर ब्लॉक’ या करसल्लागार कंपनीच्या कार्यालयांत विवरणपत्र भरण्यासाठी आलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींचा मदतीचा अर्ज तेथल्या तेथे भरून देण्यात आला. कुटुंबाच्या उत्पन्नाची माहिती समोर होतीच. त्यामुळे या कामाला सरासरी दहा मिनिटेही लागली नाहीत. दुसऱ्या गटाला केवळ माहिती दिली, किती मदत मिळू शकेल तेही सांगितले, पण अर्ज भरून दिला नाही. तिसऱ्या गटासाठी यांपैकी काहीच केले नाही.

२०१२ साली प्रसिद्ध झालेले या प्रयोगाचे निष्कर्ष डोळ्यांत अंजन घालणारे आहेत. ज्यांना मदत मिळाली नाही अशा घरांतील शाळेच्या शेवटच्या वर्षातील मुलांपैकी २८ टक्के मुलांनी पुढील काळात महाविद्यालयाची दोन वर्षे पूर्ण केली. ज्यांचा अर्ज भरून दिला गेला त्यांच्यात हे प्रमाण ३६ टक्के झाले. आणि ज्यांना केवळ माहिती दिली, त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे अडसर अज्ञानाचा नव्हता, अर्जाचाच होता. जाहिराती, फलक आणि माहितीपत्रके यांवर भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येक शासनाने या शेवटच्या वाक्यापाशी थांबून विचार केला पाहिजे.

अमेरिकेनेही पुढे अर्ज सुटसुटीत करण्याचा कायदा २०२० मध्ये केला. पण नवा अर्ज नेहमीप्रमाणे ऑक्टोबरमध्ये न येता २०२३ च्या डिसेंबरअखेर आला, तोही त्रुटींसह. ज्यांच्या पालकांपाशी तेथील सामाजिक सुरक्षा क्रमांक नव्हता, त्या मुलांना कित्येक आठवडे तो पुरा करता आला नाही. तेथला तो क्रमांक आणि येथला भ्रमणध्वनीवर येणारा क्रमांक यांत तत्त्वतः फरक तो कोणता? यंत्र सुधारताना सर्वांत दुर्बळ माणूस समोर ठेवला नाही तर सुधारणेचा पहिला फटका त्यालाच बसतो, हे दोन्ही देशांनी अनुभवले आहे.

उपाय आवाक्यातील आहेत

येथे एक आक्षेप घेतला जाईल. ज्याला अर्ज भरता येत नाही तो महाविद्यालयात शिकणार तरी काय, असे काही जण विचारतात. हा प्रश्न वरवर चतुर आहे. अर्ज भरणे ही विद्वत्तेची कसोटी नाही. स्वतःचे आयकर विवरणपत्र सल्लागाराकडून भरून घेणारे सुशिक्षित गृहस्थ ते रोज सिद्ध करीत असतात. दुसरा आक्षेप गैरव्यवहाराचा. छाननी सैल केली तर पुन्हा लूट होईल, ही भीती अनाठायी नाही. परंतु येथे मागणी छाननी सैल करण्याची नाही. पुरावा गोळा करण्याचा भार विद्यार्थ्याच्या डोक्यावरून उतरवून तो शासनाने स्वतःच्या खांद्यावर घ्यावा, एवढीच ती आहे. शिधापत्रिकेची माहिती शासनापाशी आहे, सातबारा शासनापाशी आहे, दहावी-बारावीचे गुण परीक्षा मंडळापाशी आहेत. शासनाच्या एका खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्याला दाखविण्यासाठी नागरिकाने टपालवाल्याचे काम का करावे?

यासाठी मोठ्या क्रांतीची आवश्यकता नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिलेला आहे. महसूल खात्याने मे आणि जून महिन्यांत, भट्ट्यांवरील कुटुंबे परतलेली असताना, पाड्यावर जाऊन हे दाखले दिले तर तो हक्क खऱ्या अर्थाने पोहोचेल. एकदा सिद्ध झालेली जात आणि अधिवास यांचा पुरावा पदवी पूर्ण होईपर्यंत पुन्हा मागू नये. अर्जात त्रुटी निघाल्यास तिची सूचना विद्यार्थ्याबरोबरच महाविद्यालयालाही जावी आणि ती दूर करून घेण्याची जबाबदारी महाविद्यालयाची असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक महाविद्यालयात या कामासाठी एक पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि वेतन असलेली व्यक्ती असावी. तिने रांगेची वाट न पाहता प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला बोलावून अर्ज भरून घ्यावा. प्रयोगातील ती दहा मिनिटे हीच.

या संदर्भात एक प्रसंग स्मरणीय आहे. तरुण भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकण्यासाठी सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली त्याच दात्याच्या साहाय्याने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. महाराजांचे औदार्य इतिहासाने नोंदविले आहेच. परंतु त्या विद्यार्थ्याला महाराजांपर्यंत नेले ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शाळामास्तरांनी. देणारा होता, घेण्यास पात्र असा विद्यार्थी होता. त्या दोघांमधील अंतर एका शिक्षकाने कापले.

आज दाता राजा नाही, शासन आहे, आणि त्याची तिजोरी कितीतरी मोठी आहे. तरीही खडवलीच्या फलाटावर फाईल छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलीला मधले अंतर एकटीने कापावे लागते. तिला केळुसकर गुरुजी भेटतील की नाही, हे नशिबावर सोडलेले आहे. ध्येयवादी शिक्षक आणि सहृदय लिपिक आजही आहेत आणि स्वतःच्या वेळात ते हे काम करतातही. परंतु हक्काची गोष्ट एखाद्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहिली की ती हक्काची उरत नाही. केळुसकरांची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांची जागा प्रत्येक महाविद्यालयात रीतसर निर्माण करणे, हेच फुल्यांच्या १८८२ मधील निवेदनाला दिलेले उशिराचे, पण खरे उत्तर ठरेल.